सुपामागचं दुकान

प्रिय भाऊजी,

परवा तुमच्या नलूने तुमचा बिस्किटांचा पत्र्याचा डबा माझ्या टेबलावर आणून आदळला. म्हणाली, "ताई, हे तुमच्या त्या खेळाचं हाये. तुमचं तुम्ही पाहा, मले यातलं काही समजत नाई." गेलेल्या माणसाला पत्र लिहिणाऱ्या बायका मला आजवर बावळट वाटत आल्या. पण त्या डब्यात जे सापडलं, त्याबद्दल तुम्हाला चार शब्द सुनावल्याशिवाय मला जेवण जाणार नाही. तेव्हा आता ऐका. मधे बोलायची सोय तुम्ही स्वतःच घालवलीत.

आठवतं ना, हे खूळ आपल्या राजुऱ्यात कसं आलं? माझ्या भाचीने नागपूरच्या हॉस्टेलवरून त्या खेळाच्या नियमांच्या झेरॉक्स आणल्या. प्रत्येकाने एक पात्र व्हायचं, एकाने गोष्ट चालवायची, आणि लढाईत कोण जगलं, कोण मेलं, हे फाशांनी ठरवायचं. नियम इंग्रजीत. तुम्ही, देवतळे, रफिकभाऊ आणि मी, या चौघांत कॉन्व्हेंटात शिकलेली मी एकटी. म्हणून दर रविवारी सकाळी तुमच्या पडवीत मी वाचून अर्थ सांगायचा आणि तुम्ही तो डोळ्यांदेखत मोडायचा, अशी आपली कामाची वाटणी झाली.

फासे कुणाला दिसू नयेत म्हणून गोष्ट चालवणाऱ्याने पुढे आडोसा ठेवावा, असं नियमांत होतं. तुम्ही नलूचं सूप उभं केलंत! आत तांदळाचा कोंडा तसाच. प्रत्येक लढाईत मी शिंकत होते.

ड्रॅगन तुम्ही जिवतीच्या डोंगरात नेऊन बसवलात, आणि डोंगराच्या पायथ्याशी, मोहाच्या झाडाखाली, जादूच्या वस्तूंचं दुकान काढलंत. दुकानदार सोमाजी. त्याचा आवाज तुम्हीच काढायचा. इतका भिकार दुकानदार कुठल्याच जगात झाला नसेल.

"सोमाजी, आगीची तलवार काय भाव?" देवतळेंनी विचारलं. पोस्टात खिडकीवर बसणारे आपले देवतळे, खेळात महान योद्धा.

"नऊशे सोन्याची नाणी, भाऊ."

"माझ्यापाशी अकरा हाये."

"मंग न्या ना! पैसे कुठी पळून राह्यले?"

मी पानं चाळून म्हटलं, "भाऊजी, नियमांत उधारी कुठेही नाही."

तुम्ही सुपाच्या वरून डोळे काढून म्हणालात, "नियम लिहिणाऱ्याच्या गावात किराणा दुकान नसंल, वहिनी."

रफिकभाऊ हसले. दिवसभर लोकांची घड्याळं दुरुस्त करणारा तो शहाणा माणूस, पण त्यांनीही त्याच दिवशी उडता गालिचा उधारीत उचलला! तुम्ही जुन्या लग्नपत्रिका कापून चिठ्ठ्या केल्या होत्या. चिठ्ठीवर वस्तूचं नाव लिहायचं, मधोमध फाडायची, अर्धी गिऱ्हाइकाला, अर्धी सोमाजीच्या डब्यात. पैसे आले की दोन्ही अर्ध्या भाताच्या शिताने चिकटवायच्या. वर्षभरात मी एकही चिकटवलेली चिठ्ठी पाहिली नाही. शितं वाळून गेली असतील.

मी मात्र रोखीची. माझी मदर बेनेडिक्टा, हातोडा घेऊन राक्षसांना वळण लावणारी नन, नाणी मोजून द्यायची आणि मगच वस्तूला हात लावायची. पैसे नसतील तर नुसत्या हातोड्यावर लढायची. बत्तीस वर्षं कोर्टात स्टेनो होते मी. लिहून दिलेला शब्द पाळायचा असतो, एवढं मला कळतं. ते शिकायला ड्रॅगन लागत नाही.

मग तो रविवार. ड्रॅगन अंगावर येताच देवतळेंनी काय केलं? तलवार त्याच्या तोंडात फेकली आणि पळाले. ड्रॅगनने ती आगीची तलवार गिळली, आणि आगीनेच जगणारा प्राणी तो, आणखी ताजातवाना झाला. पळून आलेले महाशय थेट दुकानात.

"सोमाजी, वस्तूच राह्यली नाई, तं उधारी काहाची?"

"खरं हाये भाऊ," तुम्ही म्हणालात. "दुसरी देऊ का?"

भाऊजी, मी तेव्हा उठले ती उगाच नाही. जिथे देवतळेंसारख्याला दुसरी तलवार मिळते, तिथे मी नाणी मोजत बसायची ती कशाला? तुम्हाला चांगुलपणा वाटत होता तो. मला विचाराल तर निव्वळ भित्रेपणा! कुणाला नाही म्हणायची तुमची छातीच नव्हती. खऱ्या आयुष्यातही नव्हती, पण ते राहू दे.

अकरा रविवार मी आले नाही. अकराही रविवारी तुमची मोपेड माझ्या फाटकाशी थांबली. शेवटच्या वेळी तुम्ही फाटकाबाहेरूनच म्हणालात, "वहिनी, मदर गुहेच्या तोंडाशी उभी हाये. तिले किती दिस तिथंच ठेवू?"

"उभी राहू दे," मी म्हटलं. "उधारीच्या जगात ती पाऊल टाकणार नाही."

तुम्ही मान हलवलीत, मोपेडला किक मारलीत. गुरुवारी खाणीच्या ऑफिसात खुर्चीतल्या खुर्चीत गेलात. हे काय वागणं झालं? भांडण अर्धं टाकून?

तुमच्या तेरवीला देवतळे आले. पंगतीत माझ्या शेजारी बसले. हातात बुंदीचा लाडू, डोळ्यांत पाणी, आणि तोंडाने काय म्हणावं? "बाई, आता दुकानदारच गेला. मंग ते तलवारीचं मिटलं ना?"

मी म्हटलं, "देवतळे, दुकानदार गेलाय. दुकान नाही." लाडू त्यांच्या घशात अडकला. मी पाणी दिलं, पण सावकाश.

आणि मग तो डबा. वर रबराने बांधलेल्या अर्ध्या चिठ्ठ्या: तलवार, गालिचा, पुन्हा तलवार. देवतळेंचं नाव वाचून वाचून मी कंटाळले. तळाशी चार चिठ्ठ्या अख्ख्या. एकही फाडलेली नाही. चारींवर एकच नाव. पहिलीवर लिहिलं होतं:

'ताईत. मदर बेनेडिक्टा. उधार. तळ्यातल्या राक्षसाचा नेम चुकवला. वहिनीला सांगायचं नाही, परत करतील.'

तो तळ्याचा दिवस मला चांगला आठवतो. मदर गळ्यापर्यंत पाण्यात होती. सुपामागे फासा पडला, तुम्ही खाली वाकून काहीतरी खरडलंत आणि मग म्हणालात, "नेम चुकला. वाचल्या." मी काय म्हटलं होतं? "बघा देवतळे, रोखीने खरेदी करणारी माणसं अशी वाचतात!" तुम्ही "खरं हाये वहिनी" म्हणून सूप सरळ केलंत. म्हणजे राक्षसाचा नेम अचूक होता. मदर तेव्हाच मेली होती. आणि नंतर आणखी तीनदा!

याला लबाडी म्हणतात, भाऊजी. मला न विचारता मला देणेकरी करायचा हक्क तुम्हाला कोणी दिला? देवतळे निदान तोंडाने मागत तरी होते. मी मात्र चार वेळा मेलेली बाई, वर्षभर तुमच्या पडवीत बसून रोखीवर प्रवचनं देत होते, आणि तुम्ही सुपाआड ती ऐकून घेत होतात. एकदा तरी चिडायचं होतंत! एकदा तरी ती चिठ्ठी माझ्या तोंडावर फेकायची होतीत. मी थोडी बोलले असते, पण उठून गेले नसते.

काल रफिकभाऊंकडे घड्याळ न्यायला गेले. त्यांनी भिंग डोळ्यावरून काढलं नाही. म्हणाले, "बाई, आपण सगळे अजून गुहेच्या तोंडाशीच उभे हाओ. ड्रॅगन बी वाट पाहून राह्यला असंल."

तर हे माझं वचन. येत्या रविवारी तुमच्या पडवीत सुपामागे मी बसणार. कोंडा झटकून घेईन, तेवढं माझं चालू द्या. सोमाजीचा आवाज मला जमणार नाही. सोमाजीची वहिनी दुकानावर बसली आहे, असं सांगेन. देवतळेंना आधी अर्धा तास ऐकवीन आणि मग तिसरी तलवार देईन. उधार. नियमांत नाही, मला ठाऊक आहे.

आणि माझ्या चार चिठ्ठ्या मी काल मधोमध फाडल्या. चार अर्ध्या तुमच्या डब्यात ठेवल्या, चार माझ्या पर्समध्ये आहेत. त्या मी चिकटवणार नाही. मी पहिल्यांदाच कुणाचं देणं ठेवते आहे, आणि ते ठेवूनच मरेन.

तुमची वहिनी,
मदर बेनेडिक्टा, चार ताईत उधार