दुधाची मागणी

जुन्नर
१२ सप्टेंबर २०२४

प्रिय आपास,

शौकतचा सलाम. तुझे गुडघे कसे आहेत? औषध मध्येच सोडू नकोस. ईद-ए-मिलादच्या जेवणासाठी मोहल्ल्याच्या देगी कल्हईला आल्या आहेत. दोन अजून तशाच पडून आहेत, हात चालत नाही.

तौहीदला मुलगा झाल्याचं तुला फोनवर सांगितलं. महिनाभर आधीच आला, हेही सांगितलं. तो नारायणगावच्या दवाखान्यात काचेच्या पेटीत आहे, हे सांगितलं नाही. सूनबाई तहरीमला ताप आहे, औषधं कडक आहेत, तिचं दूध त्याला देता येत नाही. मूठभर आहे गं. पण बोट पुढं केलं की धरतो.

डब्याचं दूध चालणार नाही का, असं मी डॉक्टरीणबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, आईच्या दुधात काही साखरा असतात, त्या बाळाला पचतच नाहीत. मग त्या कशाला, मी म्हटलं.

"काका, वाईट जंतू आतड्याला चिकटायला येतात, ते या साखरेलाच चिकटतात आणि शीतून बाहेर पडतात. चांगले जंतू तिच्यावर जगतात. तुमच्या नातवाचं आतडं अजून कच्चं आहे, त्याला हे फार हवं."

कल्हई उडालेल्या पितळेत आमटी कशी कळकते, हे मी रोज बघतो. तेवढ्यावरून मला उमगलं, ही साखर म्हणजे आतड्याची कल्हईच. बाळाला न पचणारी साखर अल्लाहनं त्याच्याच दुधात घातली. 

पुण्याच्या दूधपेढीतून दूध यायला वेळ लागेल. नात्यात कोणी अंगावर पाजणारी असेल, तर तिचं रक्त तपासून तिचं दूध घेऊ म्हणाल्या.

आपा, नात्यात अशी एकच आहे. तुझी सून इफरा.

हे मागायला मी फोन का केला नाही, ते आता तुला कळलं असेल. तुझ्या नातीच्या छठीला तू सगळ्यांसमोर म्हणालीस, तौहीदला मुलगा झाला तर ही पोरगी माझ्या माहेरी देणार. अब्बांच्या घरात तुझं कोणीतरी नांदावं, ही तुझी इच्छा मला ठाऊक आहे. मौलाना म्हणाले, वाटीतून पाजलं तरी इफरा त्याची आई होते आणि तिची लेक त्याची बहीण. मग निकाह कधीच नाही.

इफराशी बोललो. "मामू, मी आत्ता निघते," म्हणाली. "पण अम्मीला न विचारता नाही."

चिठ्ठी तौहीद आणतो आहे. त्याला काही विचारू नकोस, बोलता बोलता रडतो. तू नाही म्हणालीस तर पुण्याच्या दुधाची वाट पाहू. मी रुसणार नाही. पण तुझ्याकडे मागितल्यावाचून नमाजात मन लागेना.

पदर पसरता येत नाही, हात पसरतो.
तुझा शौकत


मंचर, दुपार

शौकत,

पोरगं उपाशी, आणि तू माझ्या गुडघ्यांपासून सुरुवात केलीस. याच कागदाच्या मागं लिहिते. इफरा पोरीला घेऊन तौहीदबरोबर रिक्षात बसली आहे. तिच्याच हाती देते.

लई वाईट वाटलं. खोटं कशाला बोलू?  मग इफराला म्हटलं, जा. मी मागून एसटीनं येते. पेटीजवळ मला उभं राहू देतात का, ते विचारून ठेव.

तुझी आपा,
आणि आजपासून तुझ्या नातवाची दादी,
जहाँआरा