काचेच्या घराचा ऑनलाइन अभ्यास

३ एप्रिल
पीएचडीचा विषय पक्का. सिरियल आणि रील पाहून बांधलेल्या घरांत लोकांना कसं वाटतं? पद्धत: ऑनलाइन एथ्नोग्राफी. म्हणजे फेसबुकवर ग्रुप काढायचा, लोक लिहितील, आपण वाचायचं. गाईड अस्मिता मॅडम म्हणाल्या, दोन-चार घरी जाऊन बसा. बसणार नाही! माझं स्वतःचंच घर तसं आहे. गेल्या वर्षी पुढची उघडी छपरी, म्हणजे ओसरी, पाडून अख्खी काच लावली, हुबेहूब सिरियलमधली. सगळं हिंगणी गाव बघतं.

९ एप्रिल
सभासद ३१. सगळे ‘नाइस’ लिहितात. निष्कर्ष: लोक खूश.

१४ एप्रिल, दुपारी
टोपणनाव आणि गुलाबाचा फोटो लावलेल्या एकानं लिहिलं, ‘छपरी होती तं चार मानसं येऊन बसत. आता बेल दाबा, चपला काढा. कोनी येत नाई.’ नकारात्मक, पण अस्सल! त्याला माहितीदार क्र. ७ केलं.
बाबा जिना चढून वर आले होते. काहीतरी बोलायचं होतं. कामात आहे म्हटलं.

२० एप्रिल
क्र. ७: ‘दिवसभर काचेमागं बसतो. रस्त्यानं जानारे हात दाखवते अन् चालले जाते. मी का टीव्ही आहो?’
वाचून गलबललो. मॅडमना पाठवलं. त्या म्हणाल्या, याला भेटाच. मुळीच नाही. भेटलं की पद्धत बिघडते.

२७ एप्रिल
क्र. ७ ला विचारलं, घरात कोणाला सांगत का नाही? उत्तर: ‘पोराले सांगाले गेलतो. कामात आहे म्हने.’
काय एकेक मुलं असतात! हे वाक्य प्रबंधात ठळक अक्षरांत टाकणार.

४ मे
४५ डिग्री. खाली काचेनं भट्टी झालीय. अशात क्र. ७ नं ग्रुप सोडला! जाता जाता लिहिलं, ‘जागा बदलवली. मजेत आहो.’ माझं चौथं प्रकरण अर्धवट. याला काय अर्थ आहे?
रागारागानं पाणी प्यायला खाली गेलो. बाबा नाहीत, त्यांची खुर्चीही नाही. बायकोला विचारलं. जया म्हणाली, मामाजी तं सकाळीच खुर्ची घेऊन समोर नत्थूजीच्या छपरीत गेले. अन् फेसबुकवर तो गुलाबाचा फोटो मीनंच लावून देल्ला त्याइले, तुमाले माहीत नोतं?
माहीत होतं, म्हणालो.
काचेपाशी जाऊन उभा राहिलो. पलीकडे चार म्हातारे हसत होते. बाबांनी मला पाहून हात दाखवला. मीही दाखवला. तोवर ते पुन्हा नत्थूजींशी बोलायला लागले होते.