रविवारचं गवत

१२ जुलै २००५, डार्मश्टाट
फॉर्म मिळाला. उल्काला इथे आणायचं तर घरमालकिणीची सही हवी — माझ्या खोलीत दोन माणसं राहिली तर चालेल, अशी. फ्राउ लेन्झ म्हणाल्या, "बघू." जर्मन 'बघू' आपल्या 'बघू'सारखंच असेल तर संपलं! मेमध्ये लग्न, अकराव्या दिवशी मी परत हॉटेलात कांदे चिरायला. फॉर्म तीनदा तपासला. चूक नाही.

१४ जुलै
टीव्हीवर अमेरिकन पिक्चर, जर्मन बोलणारा. भाषा सुधारावी म्हणून बघतो. हे सगळे पिक्चर एकाच तऱ्हेचे! सारखी घरं, कुंपण नाही, दार उघडं. पोरगा सायकलवरून पेपर गवतावर भिरकावतो, कोणी रागावत नाही. कपडे कुणाचेच दिसत नाहीत — वाळवतात कुठे? रविवारी सकाळी गवत कापतो तो भला माणूस, शेजारी त्याला हात हलवतात. ज्याचं गवत वाढलेलं, त्याच्या घरात हमखास भानगड.
फ्राउ लेन्झचं गवत गुडघाभर आहे. मशीन शेडमध्ये. ठरलं!

१७ जुलै, रविवार
नऊला मशीन सुरू केलं. काय आवाज! खिडक्या उघडल्या. मी हात हलवला. त्यांनीही हलवले — दोन्ही! मी आणखी जोरात. किती छान लोक!
मशीन एकदम बंद. फ्राउ लेन्झ गाऊनमध्ये, हातात उपटलेली वायर. "हेर पुष्कर! आज रविवार!"
"हो, म्हणूनच तर!"
आमचे मुख्य आचारी राजाभाऊ ऐकून खालीच बसले. "येड्या, रविवारी आवाज करायला बंदी आहे इथे! पिक्चर अमेरिकेचा, शेजारी जर्मनीचे!"
गेली सही. गवत अर्धं कापलेलं, अर्धं तसंच.

१८ जुलै
चार घरांना माफीची पत्रं. प्रत्येक शब्द डिक्शनरीत पाहिला. कारण खरं तेच लिहिलं — पिक्चर.

२० जुलै
फ्राउ लेन्झनी बोलावलं. टेबलावर माझी चारही पत्रं! शेजाऱ्यांनी आणून दिलेली. "व्याकरणाची एक चूक नाही," म्हणाल्या, "आणि अक्कल…" पुढे हसूच आवरेना. चष्मा काढून डोळे पुसले. मग सही केली!! "तर मग, उरलेलं गवत शनिवारी."

२१ जुलै
उल्काला फोन केला. सही झाली म्हटल्यावर किंचाळलीच! मग एकदम हळू — "अहो, माणसं किती लिहिलीत?"
"दोन."
"खोडा. तीन लिहा."