मागून चालणारा नवरा

२ फेब्रुवारी १९९७, रविवार

माझा डावा गुडघा हा आता घरातला सार्वजनिक विषय झालाय.

आज एडिसनहून प्रसन्नचा फोन. आमच्या लग्नाला चाळीस वर्षं होतात म्हणून मुलगा-सून आम्हाला क्रूझवर पाठवतायत. मार्चमध्ये. फ्लोरिडातून बोट निघणार, बहामाजकडे जाणार आणि एक दिवस क्रूझ कंपनीच्या स्वतःच्या बेटावर—प्रायव्हेट बीच म्हणे! मी खूश होणार तेवढ्यात म्हणतो, "आई, त्या बेटावर बोटीपासून बीचपर्यंत वॉकिंग किती आहे ते मी चेक करतो हं. तुझ्या गुडघ्याचं बघायला हवं ना."

तिथेच माझे कान टवकारले. थँक्सगिव्हिंगला हाच मुलगा आमच्या जिन्याखाली उभा राहून मला वर चढताना बघत होता. मग जेवताना हळूच—"बाबा, हे घर तुम्हा दोघांना मोठं नाही का होत?" एडिसनला त्यांच्या जवळ एक अपार्टमेंट आहे, सगळं एका मजल्यावर, ओक ट्री रोडवर चालत जाऊन भाजी आणता येते. नको मला ती भाजी. डेट्रॉइटजवळच्या ट्रॉयमधल्या या घरात मी संसार केला. माझा कढीपत्ता दर हिवाळ्यात कुंडीसकट आत येतो, मे महिन्यात बाहेर जातो. मी इथून हलायची नाही.

ही कसली क्रूझ! माझी चालण्याची परीक्षा आहे ही. नापास झाले की घराला 'विकणे आहे'ची पाटी लागली.

५ फेब्रुवारी

हेही फितूर आहेत. नवराच!

मी बेसमेंटमध्ये कपडे वाळवत होते. वरून ह्यांचा आवाज येत होता, क्रूझ कंपनीला फोन लावला होता. "वाट सरळ आहे का? मध्ये पायऱ्या आहेत का? पायऱ्यांच्या कडेला रंग मारलाय का? कठडा दोन्ही बाजूंना आहे की एकाच?"

पायऱ्यांच्या कडेला रंग! माझं पोर्सेलीनचं भांडं करून ठेवलंय. वर येऊन विचारलं, कुणाशी बोलत होतात? तर म्हणतात, "हवामान विचारत होतो." ताकाला जाऊन भांडं लपवायचं. जन्मभर मोटारींच्या कारखान्यात डिझाइनं केली, पण खोटं बोलायचं डिझाइन काही जमलं नाही ह्या माणसाला.

९ फेब्रुवारी

बाहेर बर्फ, म्हणून मॉलमध्ये चालायला गेलो. आणि आज मला पुरावा मिळाला.

हा माणूस लग्नाच्या दुसऱ्या दिवसापासून माझ्या पुढे चालतोय. सांगलीच्या बाजारात, मुंबईच्या एअरपोर्टवर, डेट्रॉइटच्या बर्फात—हे पुढे, मी मागून "अहो, थांबा ना" करत. सासूबाई म्हणायच्या, नवऱ्याच्या पावलावर पाऊल टाकून चालावं. पावलं दिसली असती तर टाकलं असतं की!

आणि आता? आता हे माझ्या मागून चालतात. अगदी मागे. आज आठवून बघितलं तर दिवाळीपासूनच असं आहे. म्हणजे तेव्हापासून पाळत आहे माझ्यावर. मी लंगडते किती, थांबते कुठे, सगळं बघायचं आणि रविवारी प्रसन्नला कळवायचं. मी मुद्दाम बुटाची नाडी बांधायला वाकले तर सरळ येऊन धडकले मला! पाळत ठेवणाऱ्याने निदान अंतर तरी ठेवावं.

१४ फेब्रुवारी

ह्यांनी मला जर्किन आणलं. पिवळं. पिवळं म्हणजे रस्ता खोदणारे लोक घालतात तसलं भडक.

चाळीस वर्षांत स्वतःहून मला एक रुमाल आणला नाही. "बोटीवर वारा असतो गं," म्हणाले, "आणि लांबून दिसशील." मला लांबून कशाला दिसायचंय? कुठेतरी पाणी मुरतंय.

पण उबदार आहे मेलं.

१६ फेब्रुवारी

मंडळाच्या हळदीकुंकवाला ह्यांनी मला सोडलं आणि आत येऊन टेकले. माझी मैत्रीण रत्ना समोर आली, ती पण याच क्रूझवर येतेय, तिच्या बहिणीबरोबर. "नमस्कार भाऊजी!" म्हणाली. ह्यांनी तिच्या खांद्यावरून भिंतीकडे बघितलं. मानसुद्धा हलवली नाही! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पूर्वी रत्नाचा नवरा होता तेव्हा चौघं रमी खेळायचो, आणि आता ओळख नाही?

घरी येताना विचारलं तर म्हणतात, "रत्ना होती का? लक्ष नव्हतं." रत्नाला काहीतरी माहीत असणार. तिच्या तोंडून फुटेल म्हणून टाळतायत.

२३ फेब्रुवारी

पेपर बंद केला ह्यांनी. "त्यात काय असतं!" टपाल आलं की माझ्यापुढे सरकवतात, "तूच वाच, माझा चष्मा वर राहिलाय." रोज चष्मा वरच कसा राहतो? आधी स्वतः वाचून घेत असणार आणि मग माझ्यापुढे भोळेपणाचं सोंग.

३ मार्च

आज कठड्याला हात न लावता जिना चढले. आणि कुणी बघत नव्हतं. नेमकं तेव्हाच!

९ मार्च, बोटीवर

बोट म्हणजे अख्खं ट्रॉय पाण्यावर. कार्पेट, आरसे, जिकडेतिकडे खायला. रात्रीच्या जेवणाला मोठं मेन्यूकार्ड आलं. ह्यांनी उघडलंच नाही. "तू घेशील तेच मला." ज्या माणसाने चाळीस वर्षं माझ्या आमटीला नावं ठेवली, तो म्हणतो तू घेशील तेच! इतकं गोड वागणं म्हणजे मनात काहीतरी खातंय. घर विकायचं ठरलेलंच असणार. मला सांगायचं कसं, एवढाच प्रश्न असेल.

मासे मागवले. हे काटे न बघताच खायला लागले. मीच त्यांच्या ताटातले काटे काढत बसले. सवय.

११ मार्च, मंगळवार

सगळं एकदम लिहावंसं वाटतंय. पण क्रमाने लिहिते.

मोठी बोट खोल पाण्यातच थांबली. छोट्या बोटींतून बेटावर. रत्नाची बहीण केबिनमध्येच झोपून राहिली, बोट लागली तिला. रत्ना आमच्याबरोबर. जाहिरातीत म्हटलं होतं बीच दोन पावलांवर. कसली दोन पावलं! आधी हलणारा लाकडी धक्का, मग फळ्यांची वाट, मग वाळू, आणि बीच त्या टोकाला. ज्यांना चालवत नाही त्यांच्यासाठी ट्रॅक्टरला जोडलेली उघडी गाडी होती, आणि वाळूत रुतू नयेत अशा फुगलेल्या चाकांच्या खुर्च्या. तिथल्या मुलीने माझ्याकडे बघून एक खुर्ची पुढे केली. "नो, थँक यू," म्हटलं. असं म्हटलं की तिने खुर्ची लगेच मागे घेतली.

पण खरं सांगू? गुडघा ठणकत होता. बोटीतून उतरताना लचकला. मला त्या गाडीत बसायचं होतं, आणि ह्यांच्या डोळ्यांदेखत बसायचं नव्हतं.

रत्ना पाणी उडून भिजली होती, कुडकुडत होती. मी जर्किन काढून तिला घातलं. माझ्याच उंचीची आहे. म्हटलं, तू हो पुढे. हे धक्क्यावर कठडा धरून पाठमोरे उभे होते. मी गुपचूप गाडीत शिरले, एका लठ्ठ गोऱ्या आजोबांच्या आड. चोरासारखी.

गाडी निघाली. वळून बघते तर हे रत्नाच्या मागून चालतायत. अगदी मागे. मग तिच्या खांद्यावर हात ठेवला. हात! माझ्या खांद्यावर चारचौघांत कधी ठेवला नाही तो! मंडळात ओळख दाखवत नाहीत आणि इथे हे? मला काय काय वाटलं ते इथे लिहीत नाही. तेवढ्या वाटेत मी माहेरी जाऊन, भांडून, परतसुद्धा आले.

रत्ना बीचवर आली. ह्यांना खुर्चीत बसवलं, टोपी नीट केली आणि माझ्याकडे आली. मी तोंड उघडणार तर तिचेच डोळे भरलेले.

"उत्तराताई, भाऊजींना दिसत नाही. मला तू समजले. म्हणाले, 'उत्तरा, हळू चाल गं, मला नुसतं पिवळं दिसतंय.' मी काही बोललेच नाही. आवाज ऐकला असता तर किती ओशाळले असते! वाटभर तुझ्याशी बोलत होते. म्हणाले, 'गुडघा दुखतोय तर सांगत का नाहीस, मी काय परका आहे? प्रसन्नला यातलं काही सांगू नकोस. गाडीची किल्ली काढून घेईल तो माझी.'"

मी वाळूत बसले. मासे. पेपर. पायऱ्यांच्या कडेचा रंग. रत्नामागची भिंत. सगळं माझ्यासमोर होतं आणि मी कट शोधत हिंडत होते. काखेत कळसा.

येताना मी जर्किन परत घातलं आणि ह्यांच्या पुढे चालू लागले. गाडीत बसले नाही. मोठमोठ्याने बडबडत निघाले. "काय मेली वाट केलीय! इथे फळी वर आलीय बघा. आता वाळू संपली. आता दोन पायऱ्या, आणि कठडा फक्त डावीकडे. प्रायव्हेट बीच म्हणे!"

मागून हे म्हणाले, "किती नावं ठेवशील." आणि बरोबर दोन पायऱ्या चढले.

१५ मार्च, ट्रॉय

डेट्रॉइट एअरपोर्टच्या पार्किंगमध्ये मी किल्लीसाठी हात पुढे केला. म्हटलं, मला हायवेची प्रॅक्टिस हवी. जे माझ्या ड्रायव्हिंगला आजवर फक्त हसत आले, त्यांनी मुकाट्याने किल्ली दिली. बरं झालं गुडघा डावा आहे, ऑटोमॅटिक गाडीत डाव्या पायाला कामच नसतं.

डोळ्यांच्या डॉक्टरांची सोमवारची अपॉइंटमेंट घेतली. माझे डोळे तपासायचेत, तुम्हीही चला म्हटलं. "बरं," म्हणाले. एवढंच.

१६ मार्च

प्रसन्नला फोन केला. म्हटलं, तुझंच खरं होतं बाबा. माझा गुडघा कामातून गेला, जिना झेपत नाही. एडिसनचं ते एका मजल्यावरचं बघ.

हे शेजारीच बसून ऐकत होते. मी फोन ठेवला. मग म्हणाले, "कढीपत्त्याची कुंडी मी उचलीन. तू फक्त पुढे चाल."