ज्वारीला सर्वात मानवणारी जागा

तीर्थरूप आत्या,

वाकून नमस्कार. (कंबर धरली आहे, त्यामुळे वाकणं कागदावरच उरकते.) तुझा खोकला कसा आहे? काढा घेतेस की नुसता उकळून झाकून ठेवतेस? इकडे बाबा ठणठणीत आहेत आणि दिवसातून दोनदा मला नोकरी कशी करावी ते शिकवतात. फोनवर तू मला मध्येच तोडून ‘मुद्द्याचं बोल’ म्हणतेस. पत्रात तुला ते जमणार नाही, म्हणून पत्र.

मी नोकरीत नेमकं करते काय, असं तू नेहमी विचारतेस आणि मी ‘कॉम्प्युटरवर काम’ म्हणून सुटते. तर आता ऐक. कोरडवाहू ज्वारी कुठे कुठे उगवलेली कोणी पाहिली, त्या जागांची यादी एका बाजूला. दुसऱ्या बाजूला गेल्या तीस वर्षांचं हवामान : वर्षाचा पाऊस, सर्वात कोरड्या तीन महिन्यांतला पाऊस, सर्वात तापलेल्या महिन्याचं तापमान, अशी एकोणीस कोष्टकं. आमचं मॉडेल दोन्ही ताडून पाहतं, ज्वारीला कसली हवा मानवते ते शिकतं आणि सगळ्या भागाचा नकाशा रंगवून देतं. गडद हिरवं म्हणजे ज्वारी इथे सुखाने नांदेल. लाल म्हणजे बियाणं वाया घालवू नका. कमी पाण्यावर येणाऱ्या नव्या वाणाचं बियाणं पुढच्या वर्षी कोणत्या गावांना द्यायचं, हे या नकाशावरच ठरणार होतं. (म्हणजे हसण्यावारी नेण्याचं काम नाही.)

नकाशा तयार झाल्यावर मी सर्वात आधी तुमचं गाव शोधलं. लालभडक! योग्यता शंभरात चार. तीस वर्षं तू जिथे ज्वारी काढते आहेस, तिथे ज्वारी येणं जवळपास अशक्य आहे, असं निघालं. खरं सांगू? मॉडेल चुकलं असेल असं मला वाटलंच नाही. तूच इतकी वर्षं काहीतरी चुकत असशील असं वाटलं. (माफ कर.) तुला कळवलं नाही, कारण तुझं उत्तर मला आधीच ऐकू येत होतं.

गेल्या सोमवारी बियाणं वाटप समिती आली. आमच्या साहेबांनी नकाशा दरवाजाएवढा छापून भिंतीवर लावला होता आणि पाऊण तास ते त्याच्यापुढे छडी घेऊन उभे होते. समितीत एक निवृत्त मृदातज्ज्ञ बाई आहेत. तोवर त्या डोळे मिटून बसल्या होत्या, आम्हाला वाटलं झोपल्या. त्या उठल्या, नकाशाजवळ गेल्या आणि सर्वात गडद हिरव्या ठिपक्यावर बोट ठेवून म्हणाल्या, “हे गाव कुठलं?”

साहेबांनी मला पडद्यावर तो ठिपका मोठा करायला सांगितलं. मी मोठा केला. आधी शहर दिसलं, मग आमचा रस्ता, मग आमच्याच इमारतीचं छप्पर, आणि छपरामागचं स्कूटर स्टँड. योग्यता शंभरात अठ्ठ्याण्णव.

“इथे ज्वारी लावता का?” बाईंनी विचारलं.

“इथे माझी स्कूटर असते,” साहेब म्हणाले.

झालं होतं असं. जुन्या चारशे नोंदींपैकी एकशे चाळीस नोंदींवर जागाच लिहिलेली नव्हती. चौकोन रिकामा ठेवायचा नाही अशी लेखी सूचना असल्यामुळे नोंदी भरणाऱ्यांनी तिथे इमानेइतबारे कार्यालयाचा पत्ता टाकला. (सूचना कोणी काढली होती ते विचारू नकोस. खाली सही माझी आहे.) उरलेल्या बहुतेक नोंदी डांबरी रस्त्याच्या कडेच्या, कारण पाहणीला गेलेले लोक जीपमधून उतरत नाहीत. त्यामुळे ज्वारीला आमच्या शहराची हवा आणि जीपचा रस्ता मानवतो, एवढं मॉडेल शिकलं. तुमचं गाव रस्त्यापासून सात किलोमीटर आत. तिथे कोणी गेलंच नाही, आणि तुमच्याइतक्या उन्हात उभी ज्वारी त्या बिचाऱ्या मॉडेलने कधी पाहिलीच नव्हती.

साहेबांनी रुमालाने कपाळ पुसलं आणि म्हणाले, हिरव्यात थोडं इकडेतिकडे झालं असेल, पण लाल भागात काही येत नाही हे नक्की. तेवढ्यावर सह्या करून टाकू. एकाने पेनाचं टोपणही काढलं. आत्या, अकरा वर्षांत मी त्या खोलीत खिडकी उघडू का यापलीकडे बोललेले नाही. पण त्या लाल भागात एकशे सतरा गावं होती आणि मला ती सगळी तुझ्या चेहऱ्याची दिसायला लागली. मी उभी राहिले (कंबर तेव्हाच धरली) आणि म्हणाले, “साहेब, त्या लालमध्ये माझ्या आत्याची ज्वारी डोक्याएवढी उभी आहे.”

मग बाईंनी टोपण काढलेल्या गृहस्थांकडे पाहिलं आणि त्यांनी ते परत लावलं.

सह्या झाल्या नाहीत. कार्यालयाच्या पत्त्याच्या नोंदी काढून, रस्त्याकडेच्या नोंदींची गर्दी विरळ करून सगळं नव्याने करायचं आणि लाल गावं आधी पायी फिरून पाहायची, असं ठरलं. साहेब चार दिवस माझ्याशी फक्त चिठ्ठ्यांमधून बोलताहेत. स्कूटर स्टँडवर कोणीतरी ‘पिकात वाहने लावू नयेत’ असा कागद चिकटवला आहे. अक्षर साहेबांचं वाटतं, म्हणजे राग उतरत असावा.

प्रकृतीला जप. औषध वेळेवर घे.

तुझी भाची

ता. क. : समिती सर्वात आधी तुझं शेत पाहणार आहे. येत्या गुरुवारी, नऊ माणसं, मृदातज्ज्ञ बाई धरून. तोवर ज्वारी काढू नकोस. पाखरांनी थोडी खाल्ली तरी खाऊ दे.

ता. क. दुसरा : ‘डोक्याएवढी’ हे मी आपलं अंदाजाने बोलले. तीन वर्षांत मी तुझ्या शेताकडे फिरकलेले नाही, हे तिथे सांगायचं राहून गेलं. आत्या, यंदा ज्वारीच पेरली आहेस ना? उत्तर फोनवर दे. लगेच मुद्द्याचं बोललीस तरी चालेल.