‘मेलेला भाडेकरू – भाग चौथा’ रुग्णकक्षात दाखवू देण्याबाबत

प्रति,
मा. वैद्यकीय अधीक्षक,
मेंदू व मज्जातंतू पुनर्वसन रुग्णालय,
दुसरा मजला.

विषय : खाट क्रमांक नऊवरील रुग्णास विनोदी भयपट दाखविण्यास केलेली मनाई उठविणे व बंद केलेला भेटीचा पास पुन्हा सुरू करणे याबाबत.

संदर्भ : १) रुग्णकक्षाच्या दारावर चिकटविलेली आपली सूचना.
२) माझा यापूर्वीचा अर्ज, जो ‘पाहिले’ एवढाच शेरा घेऊन परत आला.
३) जिन्यात आपण मला म्हणालात ते, “बाई, जे काय असेल ते लेखी द्या.”

महोदय,

१. मी खाली सही करणारी, खाट क्रमांक नऊवरील रुग्णाची सासू. पाणीपुरवठा कार्यालयात टंकलेखिका म्हणून नोकरी करून निवृत्त झाले आहे. लोकांचे अर्ज टंकित करण्यात हयात गेली, त्यामुळे अर्ज थोडक्यात असावा हे मला कळते. तरीही हा लांबणार आहे. आपण सांगितल्याप्रमाणे जे काय आहे ते सर्व लेखी देत आहे.

२. माझी सून चष्म्याच्या दुकानात काम करते. वरच्या फळीवरचा फ्रेमचा खोका काढताना तिच्या पायाखालचे स्टूल सरकले आणि डोके काउंटरच्या कोपऱ्यावर आपटले. पुढचे सर्व आपल्या दप्तरी आहेच. आता ती डोळे उघडते, पाणी गिळते, कधीमधी बोट धरते. मात्र बोलत नाही, आणि कोण आले कोण गेले याची तिला जाण आहे की नाही हे कुणालाच ठामपणे सांगता येत नाही. मोठ्या डॉक्टरांनी आम्हांला सांगितले होते, “तिच्या सवयीचे आवाज तिच्या कानांवर पडू द्या.” त्यानुसार माझ्या मुलाने तिला वर्तमानपत्र वाचून दाखविले व बासरी ऐकविली. वर्तमानपत्र ती घरी फक्त कपाटात अंथरण्यासाठी वापरत असे. बासरीने खाट दहावरच्या आजोबांना झोप लागली, हिच्यात काही फरक पडला नाही.

३. म्हणून मी तिच्या खऱ्या सवयीचा आवाज आणला. ‘मेलेला भाडेकरू’ या चित्रपटाचे आजवर चार भाग निघाले आहेत. आपण ते पाहिले नसावेत, असे सूचनेच्या भाषेवरून वाटते. सबब थोडक्यात माहिती देते. एक भाडेकरू मरतो, पण खोली सोडत नाही. शेवटी घरमालक त्याला जाळतो, पुरतो किंवा विहिरीत टाकतो. पुढच्या भागात तो परत येतो. दुसऱ्या भागाचे नाव ‘मेलेला भाडेकरू परत आला’, तिसऱ्याचे ‘पुन्हा परत आला’, आणि चौथ्याचे ‘आता सहकुटुंब’. सदर भुताच्या पोशाखाची पाठीवरची चेन स्पष्ट दिसते. रक्त हे सरबत असावे, कारण दुसऱ्या भागात त्यावर माशी बसली आहे आणि ती कुणी हाकललेली नाही. प्रत्येक भागात भुताचे डोके धडावरून पडते, जिन्यावरून घरंगळत खाली जाते, आणि दोरीने ओढल्यासारखे (दोरी दिसते) पुन्हा वर येऊन चुकून उलटे बसते. मग भूत पाठमोरे चालत जाऊन भिंतीवर आदळते. चारही भागांत हे असेच होते. अशा गोष्टीस सूचनेमध्ये ‘भीतीदायक चित्रफीत’ म्हटले आहे. भूत तयार करणाऱ्या माणसांनी हे वाचले तर ती आनंदाने रडतील.

४. घटनेच्या दिवशी दुपारी मी मोबाइल उशीला टेकवून चौथा भाग लावला. आवाज बारीक ठेवला होता. जिन्याचा प्रसंग जवळ आला तेव्हा माझ्या सुनेने आवाज काढला. घशातून आत ओढलेला, तुटक, लागोपाठ. परिचारिका धावत आल्या, त्यांच्यामागे डॉक्टर, पडदे ओढले गेले, मला बाहेर काढण्यात आले. खाट आठवरील रुग्णाच्या भावाने “कुणाचा जीव चाललाय का इथं?” असा आरडाओरडा केला व नंतर तक्रार दिली. संध्याकाळी सूचना लागली आणि माझा पास बंद झाला. मोठ्या डॉक्टरांचे मत असे पडले की ती मज्जातंतूंची आपोआप झालेली हालचाल असावी, किंवा वेदना, किंवा भीती. हसू असेल असे कुणाच्याही मतात नाही.

५. माझे म्हणणे आहे की ती हसली.

६. याला पुरावा काय, असे मुख्य परिचारिकांनी मला विचारले. पुरावा असा, की आवाज डोके पडण्याच्या आधी आला. भूत अजून जिन्याच्या वरच्या पायरीवर उभे होते, टाय सारखा करत होते. दचकणारा माणूस नंतर दचकतो, साहेब. आधी हसतो तो, ज्याला पुढचे ठाऊक आहे. पहिली खेप सोडली तर आम्ही दोघी प्रत्येक वेळी तिथे आधीच हसत आलो. आता पडणार, आता पडणार, असे म्हणत ती माझा दंड घट्ट धरायची. नवीन काही दिसेल म्हणून कुणी चौथा भाग बघायला जात नाही.

७. मात्र खोटे लिहिणार नाही. त्या क्षणी मी तिच्या तोंडाकडे बघत नव्हते. मी पडद्याकडे बघत होते, कारण डोके पडायचे होते. त्यामुळे तिचा चेहरा कसा झाला होता, हे मी शपथेवर सांगू शकत नाही. ही गोष्ट मला जेवू देत नाही.

८. आम्हां दोघींना हा नाद कसा लागला हे सांगितल्याशिवाय माझे म्हणणे आपल्या ध्यानी येणार नाही. लग्नानंतर तिसऱ्या वर्षी तिचे बाळ पोटातच गेले, दिवस भरत आलेले असताना. मुलगा पुलांच्या बांधकामावर पर्यवेक्षक आहे, कायम लांब. तो आला, चार दिवस भिंतीला टेकून बसला आणि गेला. घरात आम्ही दोघीच. येणारे-जाणारे हळू आवाजात बोलायचे, बशीसुद्धा आवाज न करता ठेवायचे. एके दिवशी ती म्हणाली, “आई, मला अशा ठिकाणी न्या जिथं कुणी माझ्याकडं बघणार नाही.” मला सुचले ते चित्रपटगृह. दुपारी फक्त याच चित्रपटाची तिकिटे होती, तीही दुसऱ्या भागाची. मी म्हटले, “अगं, नावातच मेलेला आहे, नको.” ती म्हणाली, “असू दे.”

९. अर्धा वेळ ती नुसती बसून होती. मग ते डोके पडले, घरंगळले, उलटे बसले. आणि माझ्या शेजारून असा काही आवाज आला की मी उठून उभीच राहिले. तिकिटे तपासणारे गृहस्थ बॅटरी घेऊन धावत आले आणि म्हणाले, “बाईंना बरं नाही का?” तिला बोलता येत नव्हते. ती हसत होती. कितीतरी महिन्यांनी हसत होती, आणि डोळ्यांतून पाण्याच्या धारा. बाहेर आल्यावर म्हणाली, “काय मस्त आहे ना आई, कुणाला लागत नाही.” थोड्या वेळाने म्हणाली, “आणि परत येतात.” घरी आल्यावर तिने स्वतः पातेले चुलीवर चढविले, तेही धाडकन.

१०. म्हणजे ज्या आवाजावरून आपला अख्खा मजला धावला, तो आवाज असाच आहे. बिजागरीला तेल नसलेल्या दारासारखा. चित्रपटगृहात दोनदा लोक आमच्यापासून उठून दुसरीकडे बसले. सदर तिकिटे तपासणाऱ्या गृहस्थांना मी गेल्या आठवड्यात शोधून काढले. ते आता निवृत्त असून गुडघ्यांनी बेजार आहेत, तरी “त्या आवाजाची बाई? विसरेन होय!” असे म्हणून त्यांनी लेखी जबाब दिला आहे व आवश्यकता भासल्यास रिक्षाने येऊन रुग्णाचा आवाज ओळखून दाखविण्याची तयारी दर्शविली आहे. माझ्या मागील अर्जात मी अशीही विनंती केली होती की रुग्णास प्रथम एक दुःखी चित्रपट, नंतर बातम्या व शेवटी चौथा भाग दाखवून तिन्ही वेळच्या आवाजांची तुलना व्हावी, आणि आपण स्वतः किमान दुसरा भाग पाहून त्यात भय कितपत आहे याचा निर्णय द्यावा. त्यास ‘पाहिले’ असा शेरा मिळाला. आपण चित्रपट पाहिला की अर्ज, हे शेऱ्यावरून स्पष्ट होत नाही.

११. आता मुलाविषयी. माझा पास बंद करण्याच्या कागदावर नातेवाईक म्हणून त्याचीच सही आहे. मला ही गोष्ट खिडकीवरच्या लिपिकाकडून कळली. घरी आल्यावर मी त्याला विचारले. तो म्हणाला, “आई, मी जिन्यातच होतो. मी ऐकलं ते. ती ओरडत होती.” मी म्हटले, “अरे, ती हसत होती.” तर तो चिडला. “माझी बायको आहे ती. मला माहीत नाही ती कशी हसते?”

१२. आणि त्याला खरेच माहीत नाही. त्याच्यासमोर ती तोंडावर हात ठेवून हसते. तो सुट्टीवर आला की घरात पाहुणा आल्यासारखी नीट वागते, नीट बोलते. तो गेला की आम्ही चित्रपटाला. चोरून असे नव्हे, पण सांगितलेही नाही कधी. त्याला असल्या गोष्टींची लाज वाटते, असे आम्हीच आपसांत ठरवून टाकले होते. खरे तर त्याला कुणी विचारलेच नव्हते.

१३. परवा दुपारी तो स्वयंपाकघरात येऊन उभा राहिला आणि म्हणाला, “लाव तो चौथा भाग.” आम्ही जेवणाच्या टेबलावर मोबाइल डब्याला टेकवून बसलो. त्याने हाताची घडी घातली होती. पहिला अर्धा तास तो भाव समजावून घेणाऱ्या गिऱ्हाइकासारखा बघत होता. भुताची बायको आली, भुताची पोरे आली, सगळ्यांच्या पाठीला चेन. तो हसला नाही. एकदा विचारले, “हे बघायला तुम्ही पैसे देऊन जायचात?” जिना आला तसा तो पुढे सरकला. “इथं?” मी म्हटले, “अजून नाही. तो टाय सारखा करील, तेव्हा.” भुताने टायला हात घातला. त्याने मोबाइल थांबविला.

मग त्याने मोबाइल हातात घेतला, त्या थांबलेल्या भुतासकट. म्हणाला, “बाळाच्या वेळी मी चार दिवसांत गेलो. मला वाटलं, मी समोर असलो की तिला रडावं लागतं.” मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. इतका मोठा पुरुष, पूल बांधतो. तो म्हणाला, “मला ते ऐकायचंय आई. जे असेल ते.”

१४. तरी माझ्या मूळ मागणीत खालीलप्रमाणे बदल करीत आहे.

अ) रुग्णकक्षाच्या नियमानुसार एका रुग्णास एकच पास मिळतो. तो माझ्याऐवजी माझ्या मुलाच्या नावे देण्यात यावा. त्याने कामावरून बिनपगारी रजा घेतली आहे. माझ्या पासाबाबतची माझी तक्रार मी मागे घेते.

आ) त्यास खाटेशेजारी बसून चौथा भाग, जिन्याच्या प्रसंगासह, दाखवू द्यावा. हवे तर मोठ्या डॉक्टरांनी हजर राहावे. त्यांनी भुताकडे बघू नये, रुग्णाच्या चेहऱ्याकडे बघावे. मुलालाही मी तसेच बजावले आहे.

इ) खाट आठवरील रुग्णाच्या भावाला त्या वेळेपुरते चहाला पाठवावे. चहा मी पाजीन.

ई) मोठ्या डॉक्टरांचे मत खरे ठरण्याची शक्यता आहे, हे मी मान्य करते. तसे झाले तर पुन्हा अर्ज करणार नाही. मी बाहेरच्या बाकावर बसेन, आत डोकावणार नाही. फक्त दार पूर्ण लावू नये, वीतभर उघडे ठेवावे. हसू असेल तर मी ओळखेन. नसेल, तर तेही मला दुसऱ्या कुणाच्या तोंडून कळायला नको.

कृपया या वेळी ‘पाहिले’ याहून एखादा शब्द जास्त लिहावा, ही नम्र विनंती.

आपली नम्र,
(सही)
खाट क्रमांक नऊवरील रुग्णाची सासू

दिनांक : अर्ज दिला तो सोमवार

सोबत :
१) रुग्णकक्षाच्या दारावरील सूचनेची नक्कल.
२) चित्रपटगृहातील निवृत्त कर्मचाऱ्याचा जबाब.
३) मुलाचे संमतीपत्र. त्याने ते स्वतःच्या हाताने लिहिले आहे. चुका मी दुरुस्त केलेल्या नाहीत.