ओल्या वाळूवरच्या चाकोऱ्या

बाबा,

आज ओहोटीला रेवदंड्याच्या किनाऱ्यावर उगाच बसलो होतो. कुणाची तरी बैलगाडी गेली होती, तिच्या दोन चाकोऱ्या ओल्या वाळूत पार पाण्याच्या कडेपर्यंत. ऊन उतरलं होतं, आभाळ वाळूतच सांडल्यासारखं दिसत होतं. वाटलं, तुम्ही आत्ता हात पाठीशी धरून, वाकून, त्या चाकोरीवरून चालत याल. मी थोडा वेळ वाटही पाहिली. माझ्या वयाच्या म्हाताऱ्याने असं करू नये, पण केलं.

एकतीस-बत्तीस साल असेल. मी अलिबाग-रेवदंडा सर्व्हिस मोटार चालवतो आहे, तुम्ही बैलगाड्या घडवता आणि आपल्यात बोलणं बेताचंच. सुताराच्या घरात जन्मून लोखंडाच्या मागे गेलो, हा तुमचा राग. त्या पंधरवड्यात माझी मोटार सरळ जायचं नाव घेईना. स्टिअरिंग घट्ट धरलं तरी कधी वाडीच्या कुंपणाकडे ओढायची, कधी खाजणाच्या चिखलाकडे. पुढच्या चाकांचे सगळे सांधे हलवून पाहिले. स्टिअरिंगची पेटी इतकी आवळली की वळणावर दोन्ही हातांनी झुंजावं लागे. गाडी डुलायची ती डुलायचीच. एका दुपारी ओढ्यावरच्या मोरीच्या कठड्याला घासली, आतल्या बायका किंचाळल्या. मालक म्हणाले, "मोटार नाही डुलत, ड्रायव्हर डुलतोय. उद्या संध्याकाळी चावी आणून दे." मोटार सोडून मला दुसरं काही येत नव्हतं, आणि तुमच्या रंध्याकडे परत यायला तोंड नव्हतं.

तुम्हाला सांगितलं ते दुसऱ्या दिवशी, दुपारची फेरी करून आल्यावर. तुम्ही रंधा खाली ठेवलात. माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलंत. मग म्हणालात, "मोटार वाळूवर आन."

तेव्हाही अशीच ओहोटी होती. "सरळ जा. मधीच जोर दे, मधीच थांबव," तुम्ही सांगता आणि मी जातो. समुद्र लांब गेलेला, गाज येते न येते. थांबून मागे वळून पाहतो तर तुम्ही एवढेसे दिसता, खुणांवर वाकलेले, पावलापावलाने येणारे. किती वेळ गेला कोण जाणे. हे चित्र मला अजून दिसतं, आणि त्यात तुम्ही कधीच जवळ पोचत नाही.

त्या दिवशी मात्र पोचलात. "पुढलं चाक सरळ हाय रं. मागलं त्याच्या वाटंनं येत न्हाय." खरंच, जोर दिला तिथे मागची खूण डावीकडे सरकली होती, ब्रेक मारला तिथे उजवीकडे. "आस उजव्या अंगानं सुटलाय. बैलगाडीचं बी आसंच व्हतं." मी खाली शिरलो. मागच्या उजव्या कमानीच्या, म्हणजे स्प्रिंगच्या, पाट्यांमधला आस धरणारा बोल्ट तुटून पडायला आलेला, आस खुशाल पुढेमागे सरकत होता. पंधरा दिवस मी पुढेच शोधत बसलो होतो! लाज वाटली, आणि तुमचा अभिमान वाटला. तो मी बोलून दाखवला नाही.

मालकाकडे निघताना तुम्ही कनवटीची श्रीवर्धनी सुपारी आणि दोन लवंगा माझ्या हातावर ठेवल्यात. "चघळ." मला ते बक्षीस वाटलं. सागवान म्हणून कधी ऐनाचं लाकूड न विकलेले तुम्ही, मालकासमोर तुटका बोल्ट धरून म्हणालात, "माजा पोर थेंब घेत न्हाय. प्यालेला हाय तो ह्यो खिळा." मालक हसले, चावी माझ्याकडेच राहिली. आणि तेवढ्यात लवंगेचा वास माझ्याच नाकात भरला, तेव्हा सुपारी कशासाठी होती ते कळलं.

परतताना तुम्ही काही विचारलं नाहीत. पुढेही कधी नाही. मी माडी प्यायची सोडली ती त्याच संध्याकाळी, पण सोडली हे सांगायचं तर घेत होतो हेही सांगावं लागलं असतं. तुम्ही गेलात, ते तसंच राहिलं.

हा कागद घडी करून खिशात ठेवतो आहे, कुठे टाकणार? एवढंच लिहायचं होतं. मोरीच्या दिवशीही मी दोन पेले घेतले होते. कठड्याला गाडी त्या बोल्टने नेली की मी, हे मला अजून ठाऊक नाही, बाबा.